सहा वेढे

"ताई, जरा घट्ट बांध ना. आणि बोटांच्या गाठींवर अजून दोन-तीन वेढे घे," पोस्टवाली म्हणाली.

"कशाला? अर्ध्या जोराने तर खेळायचंय," एक्सरेवालीने पट्टी मनगटाकडे वळवली. "जास्त वेढे घेतले की मूठ नीट मिटत नाही. मग ओरडशील, ताईने हात जखडून ठेवला म्हणून."

पोस्टवालीने वेढे मोजले, तीनच होते. मग दुसरा हात पुढे केला.

रविवार होता, सकाळचे पावणेआठ. आठ वाजता दोघींचं पहिलं स्पारिंग होतं. वर्षभर दोघींनी बॅग बडवली होती, दोरीवरच्या उड्या मारल्या होत्या, एकमेकींसमोर पॅड धरले होते. पण समोरच्या माणसाने आपल्याला मारायचं आणि आपण त्याला, हा प्रकार अजून झाला नव्हता. बॅगेचा मोठा गुण असा की ती उलट मारत नाही.

बॉक्सिंगचा हॉल टायरच्या गोदामावर होता. बायकांना कपडे बदलायला म्हणून मास्तरांनी जिन्यालगतची अडगळीची खोली रिकामी करून दिली होती. एक बाक, एक आरसा आणि खालून येणारा रबराचा वास, एवढंच तिथलं सामान. मास्तर कुणालाच नावाने हाक मारत नसत. नवीन माणूस आला की काय काम करतोस ते विचारायचे आणि तेच त्याचं नाव पडायचं. एकीचं काम पोस्टात टपाल छाटण्याचं, दुसरीचं हॉस्पिटलात एक्स-रे काढण्याचं. बारा वर्षं अंगावर शिशाचा एप्रन वागवून तिची पाठ धरली होती आणि तिथल्याच एका डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या मनात बहुधा सकाळचं फिरणं असावं.

मास्तरांचा एक नियम मात्र कुणाला मोडता येत नसे. ज्याच्याशी खेळायचं, त्याचे हात आपण बांधायचे. पट्ट्याही जुन्या पद्धतीच्या, सुती, टोकाला नाडी असलेल्या. एकट्याने बांधायच्या म्हटलं तर तारांबळ उडायची. मास्तर म्हणत, "ज्याचा हात बांधलाय त्याच्यावर राग काढता येत नाही. खेळता येतं."

एक्सरेवालीला हे काम जमायचंही छान. मूठ मिटली की वर येणाऱ्या त्या चार गाठी आणि त्यांच्यामागची हाडं तिने हजारो वेळा पाहिली होती. करंगळीखालचं हाड मोडलं की डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. तिच्याकडे बारा वर्षांत त्यातला बॉक्सर एकही आला नव्हता. भिंतीवर, कपाटावर आणि एकदा तर फ्रिजवर हात आपटलेली माणसं येत. त्यामुळे बॅगेच्या दिवशी गाठींवर सहा वेढे आणि हलक्या सरावाला तीन, असा तिने दोघींसाठी हिशोब बसवून टाकला होता.

"तू मला सहा का घेतलेस गं?" स्वतःच्या मुठींकडे बघत तिने विचारलं. तिचे हात पोस्टवालीने आधीच बांधले होते. "आज काय बॅग आहे?"

"असू दे. तुझे हात कामाचे आहेत," पोस्टवाली म्हणाली.

एक्सरेवालीला जांभई आली. सकाळपासूनची ही विसावी असेल. झोप पुरती आठ तास झाली होती, तरी जांभयांवर जांभया येत होत्या. चार वेळा बाथरूमला जाऊन झालं होतं, बुटांच्या नाड्या तीनदा सोडून बांधल्या होत्या. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाकी काय व्हायचं ते होऊ दे, दात तेवढे सांभाळ. ते परत येत नाहीत." तेव्हापासून जीभ सारखी दातांवरून फिरत होती.

"या जांभया काही थांबत नाहीत," ती म्हणाली. "खरं सांगू का? मार लागेल याची भीती नाही वाटत. मी डोळे मिटून घेईन याची वाटते. आणि श्वास."

श्वासाचं दुखणं तिच्या नोकरीतून आलं होतं. दिवसाला शंभर जणांना ती सांगायची, श्वास घ्या, रोखा, हं, सोडा. प्रत्येकाबरोबर ती स्वतःही रोखायची. बारा वर्षांत ते अंगवळणीच पडलं होतं. बॉक्सिंगमध्ये हात बाहेर जाताना श्वासही बाहेर जायला हवा, हिचं उलटं. ही आधी श्वास रोखायची, खांदे किंचित वर जायचे आणि मग हात निघायचा. मास्तरांनी डोकं आपटून घेतलं होतं. हे बारकाईने माहीत असलेली तिसरी व्यक्ती म्हणजे पोस्टवाली. तीच पॅड धरून रोज सांगायची, "ताई, खांदे. ताई, श्वास."

"माझ्याकडे बघायचं," पोस्टवाली आता म्हणाली. "मीच आहे ना समोर. परकं कोण आहे?"

"तेही खरंच," एक्सरेवाली म्हणाली आणि तिला एकदम हलकं वाटलं. चौतिसाव्या वर्षी नवी मैत्रीण मिळणं सोपं नसतं. सात वर्षांनी लहान असलेल्या या मुलीला तिने घरी कुणाला न सांगितलेलं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात नवशिक्यांच्या स्पर्धा होत्या, सत्तावन्न किलोत हॉलतर्फे एकच नाव जाणार होतं आणि ते आपलं असावं असं तिला फार वाटत होतं. आयुष्यभर काचेमागे उभं राहून दुसऱ्यांना हलू नका सांगितलं. एकदा तरी उजेडात उभं राहावं आणि चार माणसांनी बघावं. पोस्टवालीचंही वजन तेच. पण ती तेव्हा हसून म्हणाली होती, "तुझंच जाईल गं ताई. मी काय, मजा म्हणून येते."

गुरुवारी एक्सरेवालीची ड्यूटी होती म्हणून ती आली नव्हती. शुक्रवारी पोस्टवालीनेच निरोप दिला होता की मास्तर म्हणालेत, रविवारी स्पारिंग. पहिलीच वेळ आहे, अर्ध्या जोराने खेळा, मजेत.

रिंगभोवती सात-आठ जण उभे होते. बेकरीवाला लवकरची पाळी संपवून तसाच आला होता, भुवयांना पीठ घेऊन. मास्तरांनी दोघींच्या तोंडात माउथगार्ड नीट बसलेत का पाहिलं, हेडगार्डचे पट्टे ओढले.

"भीती वाटतेय ना?" त्यांनी एक्सरेवालीला विचारलं. तिने मान हलवली. "वाटू दे. तिला हाकलायचं नाही, कामाला लावायचं. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. चला."

घंटा झाली. पहिले दोन-चार जॅब, पुढच्या हाताचे सरळ ठोसे, दोघींनी लांबूनच टाकले. एक्सरेवालीचा एक पोस्टवालीच्या कपाळाला हलकेच लागला आणि ती सवयीने म्हणाली, "सॉरी." माउथगार्डमुळे ते भलतंच काहीतरी ऐकू आलं आणि बेकरीवाला हसला. तिलाही हसू आलं. डोळे उघडे होते. जमतंय की, असं तिच्या मनात आलं. तिने श्वास घेतला, रोखला.

त्याच क्षणी तोंडावर ठोसा बसला. हेडगार्ड असूनही डोळ्यांपुढे पांढरं झालं. चुकून जोरात लागला असणार, असं वाटून ती थांबली, हातही थोडे खाली घेतले. मैत्रिणीला सावरायला वेळ द्यावा म्हणून. लगेच दुसरा बसला, मग बरगडीत तिसरा.

"मस्त, पोस्ट! सोडू नकोस!" मास्तर ओरडले.

दुसऱ्या फेरीत दोघी एकमेकींना भिडल्या तेव्हा ती कानाशी म्हणाली, "अगं, हळू. अर्धा जोर." पोस्टवालीने तिला खांद्याने ढकललं आणि मोकळं झाल्याबरोबर मारलं. पुन्हा नेमकं तेव्हाच, खांदे वर गेल्यावर. पाच वेळा तसं झालं. पाचव्या वेळी एक्सरेवालीला कळलं की हे चुकून होत नाहीये. वर्षभर पॅड धरून जे सुधारायला मदत केली, तेच ही मुलगी मोजून मोजून वापरत होती. तिने पोस्टवालीच्या डोळ्यांत बघितलं. पोस्टवाली तिच्या छातीकडे बघत होती.

तिसऱ्या फेरीला उभी राहिली तेव्हा जांभया गेल्या होत्या, डोळे टक्क उघडे होते. भीती म्हणून काही उरलीच नव्हती. फार वाईट वाटत होतं, एवढंच. आणि काय गंमत, श्वास आपोआप मोकळा झाला. प्रत्येक हाताबरोबर तो बाहेर पडत होता, सहा वेढ्यांतल्या तिच्या मुठी नीट बसत होत्या. "अरे, एक्सरे जागी झाली," बेकरीवाला म्हणाला. पोस्टवाली मागे सरत गेली आणि दोराला टेकल्यावर तिने उजव्या हाताने एक जीव खाऊन ठोसा मारला. तो हेडगार्डवरून कपाळाच्या हाडावर बसला. त्यानंतर तिने उजवा हात एकदाही उचलला नाही. तो तिने छातीशी कसा धरलाय, ते एक्सरेवालीला दिसलं. तसे धरलेले हात ती रोज बघायची.

घंटा झाली.

"पोस्ट जाणार," मास्तर दोर उचलत म्हणाले. "एक्सरे, तू तिसरी फेरी चांगली खेळलीस, पण पहिल्या दोन गेल्या. दुपारी नाव पाठवतो. उद्या पाचला यादी बंद होते, मग काना-मात्रासुद्धा बदलत नाहीत ते लोक."

"कसलं नाव?" एक्सरेवालीने विचारलं.

"कसलं म्हणजे? निवड होती ना आज. गुरुवारी सांगितलं होतं मी, पूर्ण जोर, जी जिंकेल तिचं नाव. पोस्ट, तू हिला सांगितलं नाहीस?"

पोस्टवाली हेडगार्डचा पट्टा डाव्या हाताने सोडवत होती. "सांगितलं होतं," ती पट्ट्याकडे बघत म्हणाली. "विसरली असेल ताई."

रोज हजारो पाकिटं बघून ज्याच्या त्याच्या खणात टाकणारी बाई. एक निरोप मात्र तिने बरोबर चुकवला होता.

"मला सांगितलं नाही," एक्सरेवाली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

मास्तरांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "समोरचा सांगून मारत नसतो." आणि ते पुढच्या जोडीला बोलवायला गेले.

तिने पोस्टवालीच्या पट्ट्या सोडल्या नाहीत. रिवाज तोही होता, ज्याने बांधल्या त्याने सोडायच्या. ती तशीच खाली उतरली आणि स्वतःच्या पट्ट्या बसस्टॉपवर उभी राहून उलगडल्या.

घरी सासूबाईंनी बर्फ फडक्यात गुंडाळून गालाला लावला. "दात?"

"आहेत सगळे."

"कुणी मारलं एवढं?"

"मैत्रिणीने."

सासूबाईंनी फडकं पिळून पुन्हा गालाला लावलं. "मग ही सूज लवकर उतरायची नाही," त्या म्हणाल्या.

सोमवारी कामावर तिचा गाल बघून पहिल्याच पेशंटने विचारलं, "मॅडम, आधी तुमचाच काढायचा का?" ती हसली. अकराच्या सुमाराला तिने पुढचा नंबर पुकारला, सतरा, आणि पोस्टवाली आत आली. उजवा हात गळ्यातल्या ओढणीत अडकवलेला, बोटं सुजून टम्म झालेली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

एक्सरेवालीने चिठ्ठी घेतली. मग सगळ्यांना विचारते ते विचारायला सुरुवात केली. नाव, वय, कुठला हात.

"ताई, असं काय करतेस? तुला माहीत नाही का?"

"विचारावं लागतं. दिवस गेलेत का?"

"नाही."

तिने पोस्टवालीला खुर्चीवर बसवलं, शिशाचा एप्रन तिच्या मांडीवर नीट पसरला आणि तो हात उचलून प्लेटवर ठेवला. कालपर्यंत हाच हात ती रोज हातात घेत होती. एकेक बोट सरळ करताना पोस्टवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. एक्सरेवाली तितक्याच सावकाश करत राहिली, जितक्या सावकाश तिने कुणाचंही केलं असतं.

"गाठींवर अजून वेढे घे म्हणाले होते मी," पोस्टवाली पुटपुटली.

"म्हणाली होतीस. कशासाठी ते सांगितलं असतंस तर घेतले असते."

"तुला सांगितलं असतं तर तू मला हरवलं असतंस, ताई." ती आता रडत होती. "एकदा कशात तरी माझं नाव पुढे जावं असं मला वाटलं. एकदाच. तुझ्या हातांना मी सहा घेतले होते."

"घेतले होतेस. मोजले मी," एक्सरेवाली म्हणाली. "हलू नकोस."

ती काचेमागे गेली. हाताच्या फोटोला श्वास रोखावा लागत नाही, पण पोस्टवालीने रोखून धरला होता. "श्वास घे," ती काचेआडून म्हणाली. "याला लागत नाही." मग तिच्या लक्षात आलं की तिने स्वतःही रोखला होता.

पडद्यावर हात उमटला. करंगळीखालचं हाड मोडून तळहाताच्या बाजूला वाकलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते खऱ्याखुऱ्या बॉक्सरचं होतं.

"मोडलंय का?"

"डॉक्टर सांगतील."

"ताई, मास्तरांना सांगू नकोस. आज तरी नको. मुका मार असेल, दहा दिवसांत बरा होईल. महिना आहे अजून."

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. यादी पाचला बंद होणार होती. एक फोन केला की एक नाव निघून तिथे दुसरं लागलं असतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण पडद्यावर दिसलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हे तिला कामाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि ते तिने कधी मोडलं नव्हतं. नणंदेच्या सासऱ्यांच्या फुप्फुसावरचा डाग तिने सगळ्यांच्या आधी पाहिला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या शेजारी बसून जेवली होती आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं. विश्वास टाकून माणसं तिच्यासमोर कपडे काढून उभी राहत, हाडंसुद्धा दाखवत. पोस्टवालीने जे केलं ते केलं. ते आपल्याला जमणार नाही, हे तिला कळलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू सांग. आज पाचच्या आत. तेवढं तरी कर."

"सांगते," पोस्टवाली म्हणाली. "शपथ, ताई. इथून बाहेर पडले की सांगते."

चारला ड्यूटी संपली. घरी येऊन एक्सरेवाली जेवणाच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली. पोस्टवालीने सांगितलं तर मास्तर लगेच फोन करणार, इतकी त्यांना ती ओळखत होती. सासूबाई समोर मटार सोलत होत्या. त्यांनी दोनदा फोनकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि शेंगांची परात मध्ये सरकवली. पावणेपाचला तिने मास्तरांचा नंबर काढला. तो पडद्यावर तसाच दिसत राहिला, मग पडदा काळा झाला. तिने पुन्हा उजळवला नाही. तिने फोन उलटा ठेवला आणि मटार सोलायला घेतले. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले, शेंगा संपल्या.

मंगळवारी संध्याकाळी ती हॉलवर गेली तेव्हा मास्तर दारातच भेटले.

"कळलं का? पोस्टचा हात मोडला. आज सकाळी नऊला फोन केला तिने. पलंगावरून पडली म्हणे." त्यांनी चरफडत हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "सत्तावन्नमध्ये आता आपलं कुणीच नाही. काल कळलं असतं तरी तुझं नाव टाकलं असतं. तिसऱ्या फेरीसारखी खेळली असतीस तर पदक होतं."

"हो का," एक्सरेवाली म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "फोटो तुमच्याच हॉस्पिटलात काढला असेल ना?"

"आमच्याकडे रोज शंभर हातपाय येतात, मास्तर. कुठला कुणाचा, कसं लक्षात राहणार?"

मास्तर दारातून बाजूला झाले. ती पुढे गेल्यावर मागून म्हणाले, "आज बॅग कर. हात बेकरीवाल्याकडून बांधून घे."

"नको. बांधते मी."

अडगळीच्या खोलीत ती बाकावर बसली, नेहमीसारखी एका टोकाला, दुसऱ्या टोकाची जागा सोडून. डावा हात कसाबसा जमला. उजव्याला निम्म्यावर आल्यावर पट्टी सुटली आणि उलगडत पार आरशापर्यंत गेली. ती उठली, पट्टी उचलून झटकली, घट्ट गुंडाळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाठींवर सहा वेढे मोजून घेतले. मग नाडीचं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हाताने धरून ओढलं, आणि गाठ बसेपर्यंत श्वास सावकाश बाहेर सोडत राहिली.